करवंदगडचा रुसलेला पाहुणा

एक होता राजा. आता राजा म्हटलं की तुम्हाला लगेच हत्ती, घोडे, तलवारी दिसायला लागतात. तसला नव्हता हा. हा होता खाण्याचा राजा. नाव दौलतराजा, गाव करवंदगड. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आज काय केलंय?" आणि निजताना शेवटचा प्रश्न, "उद्या काय करणार?" गुंड्या, हसतोस काय? तुझं तरी काय वेगळं आहे?

ह्या राजाची आई होती. तिला सगळे आईसाहेब म्हणत. वय झालेलं, अंगानं चिमणीएवढी, पण शब्दाची पक्की. आणि राजाची राणी होती शेवंती. नुकतीच लग्न होऊन आलेली. गोष्ट तिचीच आहे, बरं का. राजा आपला मध्ये जेवायला बसलाय.

शेवंतीला एक खोड होती. कुणी काही सांगितलं की ही म्हणायची, "करून बघू या?" माहेरी तिनं काय काय करून बघितलं होतं! पाण्यात बुडालेल्या अंड्यावर मूठमूठ मीठ घालत बसायची, आणि ते अंडं हळूच वर तरंगायला लागलं की सगळ्या आळीला बोलवून दाखवायची. सासरी आल्यावर तिनं एकदा काय केलं, हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला. पिवळं पाणी झालं लालभडक! शेवंतीनं आनंदानं टाळी वाजवली. टाळीचा धक्का लागून वाटी कलंडली, आणि ते सगळं लाल पाणी गेलं थेट आईसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र पातळावर.

मग काय! आईसाहेब कडाडल्या, "सूनबाई, हा राजवाडा आहे. इथं असले पोरखेळ चालायचे नाहीत. पुन्हा केलेस तर माझ्या गळ्याची शपथ आहे तुला!"

गळ्याची शपथ म्हणजे काय, ठाऊक आहे ना? मोडली तर शपथ घालणाऱ्याचाच जीव जातो म्हणतात. खरंखोटं देव जाणे. पण शेवंती घाबरली. कारण सासू तोंडानं कडक असली, तरी पहाटे गारठा पडला की सुनेच्या अंगावर गुपचूप आपली शाल टाकून जाणारीही तीच होती. शेवंतीचा तिच्यावर फार जीव होता. तिनं त्या दिवसापासून चुन्याकडे बघितलं नाही, मिठाकडे बघितलं नाही. बघावंसं वाटलं की पदराची गाठ मारायची आणि सोडायची, एवढंच.

आता करवंदगडच्या राजघराण्याचा एक रिवाज होता. दारातून जो हात जोडून आत येईल, तो पाहुणा. मग तो कोणी का असेना. आणि पाहुणा जेवल्याशिवाय घरच्यांनी अन्नाला शिवायचं नाही. त्यामुळे पाहुणा आला रे आला की राजाची जी धांदल उडायची, ती विचारू नका. "बसा, बसा! वाढा, वाढा! घ्या हो, घ्या!" पाहुण्याच्या तोंडात पहिला घास गेला की हा आपल्या ताटावर तुटून पडायचा.

एकदा काय झालं, दिवेलागणीची वेळ. पंगतीच्या दालनात पानं मांडलेली. राजा पाटावर बसलेला. एवढ्यात दारातून कोण आलं?

अंगानं चांगलं कुत्र्याएवढं. पण कुत्रा नाही. अंगभर खवले, छपरावर कौलं लावावीत तसे एकावर एक. तोंड निमुळतं, शेपूट जाडजूड. आणि आलं तेही मागच्या दोन पायांवर उभं राहून, पुढचे दोन पंजे छातीशी जुळवून! असलं जनावर करवंदगडात कुणी बापजन्मी बघितलं नव्हतं. वाढपी किंचाळला. राजा पाटावरून उठून मागे सरकला.

पण विसाजीपंत प्रधान मोठ्या बारीक नजरेचे. ते म्हणाले, "महाराज, हात जोडलेत!"

"मग पाहुणाच तो," आईसाहेब म्हणाल्या. झालं!

मग पाट आला, पाटाभोवती रांगोळी आली, समया पेटल्या. पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. सनईवाल्यानं मानाची सनई फुंकली. पाहुण्यानं ती पींऽऽ ऐकली मात्र, त्यानं डोकं पोटाशी घातलं, अंग वळवलं, शेपटीचं झाकण लावलं आणि झाला चेंडू! नाक दिसेना, डोळे दिसेनात. पाटावर आपला एक खवल्यांचा गोळा.

"रुसले," विसाजीपंत म्हणाले.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. त्यांनी उभ्या जन्मात दीडदोनशे लग्नं जमवलेली. वरमाई रुसते, जावई रुसतो, नवऱ्यामुलाचा मामा तर हमखास रुसतो. कुणी तोंड फिरवून बसलं की त्याचं काही दुखत असेल, त्याला काही नको असेल, असं त्यांच्या डोक्यातच येत नसे. रुसला! मानपानात काहीतरी राहिलं!

मग मानपान सुरू झाला. आधी भरजरी शेला आणून पांघरला. चेंडू हलेना. मग फेटा आणला. आता फेटा बांधायचा तर डोकं हवं. डोकं सापडेना, म्हणून सगळ्या चेंडूलाच फेटा गुंडाळला. मग गुलाबपाणी शिंपडलं. तेव्हा मात्र चेंडू आतल्या आत एकदा शिंकला. बस्स, तेवढंच.

पुरणपोळी गेली, श्रीखंड आलं. श्रीखंड गेलं, कोंबडीचा रस्सा आला. पाहुणा काही उलगडेना. सगळी रात्र त्याच्यापुढे समया तेवत ठेवल्या, सनईवाले आळीपाळीनं वाजवत राहिले, दालनात माणसांचा हा घोळका! दुसरा दिवस उजाडला तरी चेंडू तो चेंडूच.

आणि घरातलं कुणी जेवलं नाही. म्हणजे रिवाजाप्रमाणे नाही, बरं का. राजा मधूनच "जरा हात धुऊन येतो" म्हणून उठायचा आणि मिशीला बुंदी लावून परत यायचा. विसाजीपंतांच्या उपरण्याच्या गाठीतून चिवड्याचा वास येत होता. सगळ्यांना सगळ्यांचं कळत होतं, कुणी कुणाला बोलत नव्हतं.

आईसाहेबांनी मात्र पाण्याखेरीज काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना उठून बसवेना. हात गार पडायला लागले. शेवंती दुधाचा पेला घेऊन त्यांच्या उशाशी बसली. "आईसाहेब, घोटभर घ्या हो. मी कुणाला सांगायची नाही."

"पाहुणा उपाशी निजलाय, आणि मी दूध पिऊ?" आईसाहेबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ह्या घरात आले तेव्हापासून एकदाही मोडलं नाही मी, सूनबाई. आता मेले तरी चालेल."

शेवंतीला रडू फुटलं. ती बाहेर आली तर दालनात निराळाच गोंधळ! विसाजीपंतांना साक्षात्कार झाला होता.

"महाराज, खवले कुणाला असतात? माशाला! माशाला आपण पाटावर बसवलं. रुसेल नाही तर काय करेल बिचारा? हौदात सोडा!"

"सोडा, सोडा, लवकर सोडा," राजा म्हणाला. त्याला बुंदीचा कंटाळा आला होता. चार गड्यांनी फेट्यासकट चेंडू उचलला आणि निघाले अंगणातल्या हौदाकडे.

शेवंती म्हणाली, "मासा? पण आपण आधी करून..." आणि तिनं जीभ चावली. शपथ! ती तशीच पळत आईसाहेबांकडे गेली. "आईसाहेब, ती शपथ सुटली म्हणा!"

"कसली शपथ?"

"चुन्याची. हळदीची. करून बघायची नाही म्हणून घातली होती ती. पाहुण्याला हौदात टाकतायत. तो मासा नसला तर बुडून मरेल! मला एकदाच करून बघू द्या. सुटली म्हणा ना हो!"

आईसाहेबांनी डोळे उघडले. "आपल्या दारात? पाहुणा बुडणार?" त्या कोपरावर उठल्या. "सुटली गं, सुटली! पळ!"

शेवंती पळाली. जाताजाता तिनं कोनाड्यातला हातआरसा उचलला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि माठाच्या गार अंगाला धरला. जरा गार होऊ दिला. मग हौदापाशी जाऊन ओरडली, "थांबा! खाली ठेवा त्याला!" चेंडूच्या शेपटीखाली एक फट होती. तिथं तिनं तो गार आरसा धरला. सगळे वाकून बघायला लागले. आणि आरशावर काय आलं? धुकं! तिनं पदरानं पुसलं. पुन्हा आलं. पुसलं. पुन्हा आलं.

"महाराज, आता तुम्ही ह्यावर श्वास सोडा," शेवंती म्हणाली. राजानं हाऽऽ केलं. तसंच धुकं आलं. बुंदीचा वासही आला, पण ते जाऊ दे.

"बघा, आपला ऊन श्वास गार आरशाला लागला की धुकं होतं. हा आपल्यासारखाच नाकानं श्वास घेतोय. पाण्यात टाकला असता तर गेला असता."

राजाचं तोंड एवढंसं झालं. दारचा पाहुणा आपण हातानं बुडवणार होतो! तो म्हणाला, "राणीसाहेब, आता तुम्ही म्हणाल तसं."

मग शेवंती विचार करत बसली. तिच्या माहेरी परसात साळिंदर यायचं. काट्यांचं जनावर, पण भित्रं कसलं! काळोख झाला आणि माणसांची चाहूल थांबली की मगच कंद उकरायला बाहेर पडायचं. उदमांजर तसंच, वटवाघूळ तसंच. आणि इथं तर पाहुण्यापुढे रात्रंदिवस दिवे, सनई आणि गर्दी! कुणाला रुसायला वेळ आहे? भ्यालाय तो!

पण रात्रीपर्यंत थांबायला सवड कुठं होती? आईसाहेबांचे हात गार पडत होते. मग तिनं दिवसाच रात्र करायची ठरवली. वाड्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या दालनाच्या खिडक्यांना टांगल्या. समया मालवल्या. सनईवाल्यांना सांगितलं, "सनई पेटीत, आणि पेटी माडीवर!" पाहुण्याचा फेटा सोडला, त्याला मधोमध ठेवलं, भोवती सगळी पक्वान्नं पुन्हा मांडली. आणि साऱ्या फरशीवर तांदळाचं पीठ पातळ पसरून टाकलं.

"हे कशाला?" विसाजीपंतांनी विचारलं.

"आपण आत थांबलो तर तो उलगडायचा नाही. बाहेर थांबलो तर आपल्याला दिसायचं नाही. मग पीठ सांगेल."

मग सगळे दाराबाहेर उभे राहिले. चूप! कुणी शिंकायचं नाही, कुणी खोकायचं नाही. राजाचं पोट तेवढं गुरगुरत होतं, ते काही ऐकेना. आतून आधी काहीच नाही. मग खसफस, खसफस. मग खर्र खर्र. मग पुन्हा सगळं शांत.

शेवंतीनं हळूच एक गोधडी उचलली. पिठात पावलं उमटली होती! निघाली होती ती अशी, पुरणपोळीला वळसा घालून, श्रीखंडाकडे ढुंकून न बघता, रश्श्याच्या वाटीशेजारून, थेट दालनाच्या मोठ्या खांबापाशी. तिथं खांबाभोवती पावलांचं रिंगणच रिंगण. आणि पाहुणा खांबाला टेकून पुन्हा चेंडू होऊन बसलेला.

"प्रदक्षिणा!" विसाजीपंतांनी हात जोडले. "पाहुणे मोठे भाविक आहेत!"

आता हा खांब साधासुधा नव्हता. राजाच्या आजोबांचा एक लाडका आंबा होता. तो वादळात पडला तेव्हा त्यांनी त्याच्या खोडाचा हा खांब केला. त्यावर पोपट कोरले, लाखेचा जाड रंग चढवला. नवा राजा गादीवर बसायच्या आधी ह्या खांबाला पाठ टेकवून उभा राहायचा. गावच्या कुठल्याही देवळातल्या खांबापेक्षा ह्याचा मान मोठा.

शेवंतीनं ताटातली पळी उचलली. आधी दुसऱ्या खांबावर वाजवली. ठक्. तिसऱ्या खांबावर वाजवली. ठक्. मग मोठ्या खांबावर वाजवली. भद्! बाजारात आपण माठ वाजवून घेतो ना, चांगला आणि तडकलेला लगेच कळतो, तसं तिला कळलं. हा आतून पोकळ आहे. तिनं खांबाला कान लावला. आत बारीक कुरकुर कुरकुर चाललेली. खालच्या बाजूला पाहुण्याच्या नखांनी रंगाला जराशी भेग पडली होती. त्यातून एक पांढरा किडा डोकावला.

वाळवी!

तेवढ्यात चेंडू जरासा उलगडला. त्यातून एक बारीक, लांबच लांब, ओलीचिकट जीभ निघाली, भेगेपाशी गेली, किडा चिकटवून घेतला आणि सुर्रकन परत!

"खाल्लं!" राजानं उडीच मारली. "पाहुण्यानं खाल्लं! वाढा! पानं मांडा!"

"दौलत!" मागून आवाज आला. आईसाहेबांना राहवलं नव्हतं. दोन दासींच्या खांद्यांवर हात टाकून त्या दारापर्यंत आल्या होत्या. "एका किड्यानं पोट भरतं का रे? तुझं भरेल?"

राजानं मान खाली घातली. पुढचं काय, ते आता सगळ्यांना कळलं. पाहुण्याचं जेवण खांबात होतं. पाहुणा जेवायचा तर खांब फोडायला हवा. आणि हा खांब फोडा, असं म्हणायचं कुणी?

"आजोबांचा खांब आहे, राणीसाहेब," राजा हळूच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खादाड असला तरी वाईट नव्हता हो तो.

आईसाहेब खांबापाशी गेल्या. त्यांनी पळी मागितली. दुसऱ्या खांबावर वाजवली, ह्या खांबावर वाजवली. दोनदा वाजवली. मग खांबावर हात ठेवून म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा मी परकरी पोर होते. आईची आठवण आली की ह्याच खांबाला मिठी मारून रडायची. घरात तेवढाच माझा होता." त्यांनी कोरलेल्या पोपटांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पण पाहुणा उपाशी आहे. फोडा."

"आधी टेकू द्या," शेवंती म्हणाली. मग सुतार आले. त्यांनी वरच्या तुळईला चहूबाजूंनी वासे लावले, आणि मग खांबावर पहिला घाव घातला. लाकूड कसलं, वरचा नुसता पापुद्रा! आतून भुसा आणि भुश्यातून ही वाळवी, ही वाळवी! डबा लवंडल्यावर तांदूळ सांडावेत तशी. वर तुळई टेकूवर कडकडली आणि थांबली. सुतारानं वर बघितलं, खाली बघितलं आणि कपाळाला हात लावला. "महाराज, हा खांब आज ना उद्या बसला असता. भर पंगतीवर."

राजानं खाली बघितलं. खांबाच्या अगदी पायथ्याशी त्याचाच पाट होता.

मग पुन्हा गोधड्या सोडल्या, पुन्हा काळोख केला, आणि सगळे बाहेर थांबले. आतून नुसतं सुर्र, सुर्र, सुर्र. कितीतरी वेळ. शेवटी पाहुणा बाहेर आला तो पोट हलवत. कुणी सनई वाजवली नाही, कुणी विडा पुढे केला नाही. वाट मोकळी करून दिली. तो अंगण ओलांडून गेला आणि करवंदीच्या जाळीत दिसेनासा झाला. त्याला म्हणतात खवले मांजर. मांजराशी नातं ना गोतं. तोंडात दात एक नाही. वाळवी आणि मुंग्या, हेच त्याचं पक्वान्न.

मग मात्र पानं मांडली! राजा टेकूपासून जरा लांबच बसला. शेवंतीनं आईसाहेबांसाठी मऊ भात कालवला, तूप घातलं, पहिला घास त्यांच्या तोंडापाशी नेला. आईसाहेबांनी तिचा हात धरला. शेवंतीची बोटं थरथरत होती.

"सूनबाई, तू काय खाल्लंस?"

शेवंतीनं घास पुन्हा पुढे केला. राजानं मिशी पुसली, विसाजीपंतांनी उपरण्याची गाठ मागे सरकवली. सगळ्या वाड्यात आईसाहेबांच्या जोडीला एकटी तीच उपाशी होती, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आईसाहेबांचे डोळे भरून आले. "आपण त्या मुक्या जिवाला पुरणपोळी दाखवत बसलो. त्याला काय हवं, ते कुणी बघितलं नाही. आणि तूही आलीस ह्याच दारातून, सगळ्यांना हात जोडत. आल्या दिवसापासून तुला आम्ही रिवाजच वाढतोय. बाळ, तुला काय आवडतं गं?"

शेवंती लाजली. मग हळूच म्हणाली, "मला... पातेल्याच्या तळाला भात लागतो ना, त्याची खरवड. वर कच्चं तेल आणि मीठ."

सगळी पंगत हसली. राणीनं खरवड खायची? पण आईसाहेब हसल्या नाहीत. त्या उठल्या. कालपासूनच्या उपाशी, तरी उठल्या. मुदपाकखान्यात गेल्या, पातेलं आडवं केलं आणि स्वतःच्या हातानं खरडून खरडून ती कुरकुरीत खरवड काढली. वर तेल घातलं, मीठ घातलं. आणि पहिला घास सुनेला भरवला. मग दुसरा घास स्वतःच्या तोंडात घातला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "ही तर फारच छान लागते!"

मग त्या दोघी एका ताटात जेवल्या, राजा तीन ताटं जेवला, आणि करवंदगडात सगळी माणसं पोटभर आणि सुखात राहिली. संपली गोष्ट, निवला तवा. आता डोकं पोटाशी घ्या बघू, पांघरुणाचं झाकण लावा आणि व्हा चेंडू. दिवा मी मालवते.